अठरा पुठ्ठ्यांचा जबडा

इस्पितळाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीमागे, जिथे मोडक्या चाकांच्या खुर्च्या भिंतीशी तोंड करून उभ्या असतात, तिथे एक अरुंद दार आहे. दारावर पाटी नाही. पूर्वी होती. तिच्यावर विभागाचं नाव एवढं लांबलचक होतं की वाचून होईपर्यंत माणूस आपण कशाला आलो तेच विसरायचा. एकदा रंगकामवाल्यांनी ती उतरवली, परत लावायची राहिली आणि कुणाचंही काही अडलं नाही. ज्याला काम असतं तो सरळ विचारतो, "रफूकाका आहेत का?"

काका आतच असतात. दुसरीकडे जाणार कुठे?

रफूकाका हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे, पण आईमुळेच पडलेलं. त्यांची आई घरी रफूचं काम करायची. इस्त्रीनं जळलेला कोट आला की त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून दोरे उसवायची आणि भोकावर अशी जाळी विणायची की मालक घरी जाऊन भोक शोधत बसायचा. मुलानं सुई धरू नये म्हणून तिनं त्याला नकाशे काढायच्या कोर्सला घातलं. मुलगा शिकला, इस्पितळात नोकरीला लागला आणि पहिल्याच दिवशी बघतो तर काय, इथंही जाळी आणि जाळीतली भोकं. आईला हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मग सुई तरी चांगली आहे ना?"

काम असं की स्कॅनचं यंत्र माणसाच्या डोक्याचे पावासारखे काप करतं. खरेखुरे नाही, चित्रात. मग काकांचं सॉफ्टवेअर प्रत्येक कापातली हाडाची कड शोधतं आणि त्या सगळ्या कडांवरून बारीक बारीक त्रिकोणांची जाळी पांघरतं. लाखभर त्रिकोण. झाला पडद्यावर जबडा तयार. फिरवा, उलटा करा, मापं घ्या. पण ही जाळी यंत्रातून कधीच धड येत नाही. हाड पातळ असेल तिथे भोक पडतं. पेशंट हलला की पायरी येते. दाढेत चांदी भरलेली असली तर चारी बाजूंना काटे फुटतात. भोकं बुजवायची, काटे छाटायचे, पायऱ्या घासायच्या आणि सर्जनच्या हाती स्वच्छ हाड द्यायचं, हे रफूकाकांचं चोवीस वर्षांचं काम.

शिकवलं ते बाईंनी. बाई इंजिनिअरिंगच्या प्राध्यापिका. सॉफ्टवेअर त्यांनीच लिहिलेलं, त्यामुळे ते त्यांच्यासारखंच होतं: कमी बोलायचं आणि चुकलं की थांबायचं. आजच्यासारखी रंगीत बटणं नव्हती. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा आणि वाट बघायची. एक जाळी घासायला चाळीस मिनिटं लागायची. तेवढ्या वेळात बाई पिशवीतून लोकर काढून विणत बसायच्या. "एका कवटीत एक बाही होते," असा त्यांचा हिशोब होता. त्या काळात त्यांच्या घरातलं एकही माणूस थंडीनं कुडकुडलं नसेल.

खोलीत तेव्हा एकच पंखा होता आणि तोसुद्धा माणसांसाठी नव्हता. तो कम्प्युटरच्या पाठीशी लावलेला असायचा. काका तेव्हा कुणाचेच काका नव्हते, पंचवीस वर्षांचे होते. घामानं निथळत पडद्यावरच्या टक्केवारीकडे बघत बसायचे. बारा टक्के. तेरा टक्के. तेराला नेहमी अडायचं. आताच्या यंत्रावर हेच काम चहा ओतायच्या आत होतं, पण काकांना अजूनही वाटतं की तेरा टक्क्यांवर ते क्षणभर थबकतं. तसं काही नसतं.

आणि त्याच दिवसांतली ताई. ताई म्हणजे इस्पितळाची टेलिफोन ऑपरेटर. जिन्याखालच्या काचेच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून बसायची. दीडशे नंबर तोंडपाठ. कोणता डॉक्टर कुठल्या वॉर्डात आहे, कोण जेवायला गेलाय आणि कोण जेवायला गेलोय सांगून झोपलाय, सगळं तिला ठाऊक. काकांपेक्षा तेरा-चौदा वर्षांनी मोठी. त्यांचं रफू हे नाव तिनंच पाडलं आणि अख्ख्या इस्पितळाला जोडून दिलं.

तिची हनुवटी डावीकडे वाकडी होती. लहानपणी भावानं झोका जोरात दिला, ही तोंडावर पडली, कानाजवळचं हाड मोडलं आणि त्या बाजूची वाढ खुंटली. भाऊ जन्मभर सांगत फिरला, "ती माझी सही आहे." ताई हसली की हसू आधी डावीकडे जायचं आणि मग बाकीचा चेहरा मागून यायचा. नवे डॉक्टर दोन दिवस बघत राहायचे. तिसऱ्या दिवशी हनुवटी दिसेनाशी व्हायची आणि ताईच दिसायची.

एकदा ताई हातात चहाचे चार कप घेऊन त्या जिन्यावरून घसरली. कप फुटले, ताई वाचली. तरी स्कॅन केला, डोक्यापासून हनुवटीपर्यंत. रिपोर्ट आला: डोक्यात काही आढळले नाही. हा रिपोर्ट ताईनं स्वतः सगळ्या वॉर्डांना फोन करून वाचून दाखवला.

बाईंना शिकवण्यासाठी एक निरोगी डोकं हवंच होतं. त्यांनी रीतसर विचारलं. ताईनं रीतसर सही केली आणि म्हणाली, "वापरा, पण नाक मोठं करू नका."

काकांनी आयुष्यात बनवलेली पहिली जाळी ती. अगदी मनापासून बनवली. सगळी भोकं बुजव, असा हुकूम दिला, सगळं गुळगुळीत घासलं आणि छाती फुगवून बाईंना दाखवलं. बाईंनी सुया खाली ठेवल्या. हे लक्षण चांगलं नसायचं.

"हनुवटीच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक भोक असतं. कुठे गेलं?"

"बुजवलं, बाई."

"त्यातून नस बाहेर येते. ओठाला, हनुवटीला स्पर्श तिच्यामुळेच कळतो. बधिर ओठ घेऊन घरी पाठवणार आहेस का हिला? यंत्रानं पाडलेलं भोक बुजवायचं. देवानं ठेवलेलं नाही."

आणि शिक्षा दिली. जबड्याच्या दातांखालच्या भागाचे अठरा काप कागदावर मूळ मापात छापले, दोन-दोन मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा आणून दिला आणि सांगितलं, "काप. हाताला कळल्याशिवाय माउसला कळत नाही." आठ दिवस काका कात्री आणि ब्लेड घेऊन बसले. बोटांना फोड आले. मग ते गोंद शोधायला लागले तर बाईंनी हात धरला. "चिकटवलंस की चूक आत अडकते." त्यांनी आपल्या दोन विणायच्या सुया दिल्या. प्रत्येक पुठ्ठ्याला दोन भोकं पाडून ते एकावर एक त्या सुयांत ओवले, आणि ताईचा जबडा टेबलावर उभा राहिला. पायऱ्यापायऱ्यांचा, पण वाकडेपणा हुबेहूब. त्या स्वेटरच्या दोन्ही बाह्या मात्र तशाच राहिल्या.

वर्षभरात फोनचं स्वयंचलित यंत्र आलं आणि काचेची खोली बंद झाली. ताईला दुसऱ्या टेबलावर बसवलं, पण तिचा आवाज इस्पितळातून गेला तो गेलाच. त्या दिवशी काकांनी तो पुठ्ठ्याचा जबडा तिला भेट दिला. ती म्हणाली, "लोक फुलं देतात रे." पण घेऊन गेली.

पडद्यावरची ताई मात्र खोलीतच राहिली. पुढची चोवीस वर्षं जो कोणी शिकायला आला त्यानं तिच्यावरच हात साफ केला. नवीन सॉफ्टवेअर आलं की आधी ताई उघडायची. भोकं बुजवायची, घासायची, त्रिकोण कमी करायचे, जतन करायचं. बाई निवृत्त झाल्या, त्यांना जाऊनही सात वर्षं झाली. पडद्यावरची ताई तशीच आहे, असं काका धरून चालले होते.

आणि एका मंगळवारी खरी ताई दारात उभी राहिली. निवृत्त होऊन चार वर्षं झालेली, हातात स्कॅनचं पाकीट. मागे तरुण सर्जन, काखेत लॅपटॉप.

"ओळखतोस का रे रफू, की नुसती हाडंच ओळखतोस?"

काका ताडकन उठले. मग पाकीट बघून पुन्हा बसले.

जबड्याच्या पुढच्या भागात गाठ होती. कॅन्सर नव्हता, पण गाठ हाड आतून पोखरत, फुगवत निघाली होती. तेवढा तुकडा काढावा लागणार होता. मग पायातलं हाड घेऊन तिथे बसवायचं आणि त्याला धरून ठेवणारी धातूची पट्टी आधीच मापानं घडवून आणायची. पट्टीचा आराखडा शुक्रवारी पाठवायचा होता.

"आराखडा तयारही आहे, काका," सर्जननं लॅपटॉप उघडला. "नवीन सॉफ्टवेअरनं दीड मिनिटात केला. फुगलेलं हाड काढून टाकतं आणि हजारो जबड्यांच्या सरासरीवरून नवा भाग भरतं."

पडद्यावर एक सुरेख जबडा फिरत होता. हनुवटी बरोब्बर मध्ये.

ताईनं चष्मा पुसून पाहिलं. "ही कोण बाई?"

"तुम्हीच आहात, ताई. आता सरळ होणार."

"मी तुमच्याकडे गाठ काढायला आले, डॉक्टर. दुसरी बाई घालून घ्यायला नाही."

"अहो, पण लोक यासाठी मुद्दाम ऑपरेशन करून घेतात!"

"लोकांचा भाऊ गेला नसेल मागच्या वर्षी." ताईनं चष्मा पुन्हा पुसला. मग आवाज नेहमीचा करून म्हणाली, "साठ वर्षांची ओळख आहे आरशात. उद्या सकाळी दात घासायला गेले आणि समोर कोणी परकी उभी राहिली तर मी तिला काय म्हणू, नंबर काय हवाय?"

सर्जन वाईट नव्हता. त्यानं सरळ सांगितलं, "गाठीनं मूळ आकार पुसून टाकलाय. गाठीच्या आधीचं हाड कसं होतं ते मला दाखवा, मी तसंच करतो. नाहीतर शुक्रवारी हेच जाईल."

"एवढंच ना?" काका हसले. कितीतरी दिवसांनी त्यांची छाती फुगली होती. "ताई आहे माझ्याकडे. चोवीस वर्षं जपलीय."

त्यांनी फाइल उघडली. आजच्या स्कॅनमधली कवटी घेतली, कारण गालाची हाडं, डोळ्यांच्या खोबणी काही गाठीनं बदललेल्या नव्हत्या. तिच्यावर जुनी ताई आणून ठेवली. दोन्ही एकमेकींवर बसायला हव्या होत्या.

बसल्या नाहीत. जुनी ताई आतल्या आत बुडाली, मोठ्या माणसाच्या कोटात लहान मूल बुडावं तशी. गाठ न पोहोचलेल्या मागच्या भागातही जबडा चांगला तीन मिलिमीटर आखूड होता. वाकडेपणा होता न होता एवढाच. आणि नसांची भोकं दोन्ही बाजूंना साफ गायब.

काकांना कळायला एक क्षण लागला. जाळी घासली की प्रत्येक वेळी केसभर आक्रसते. उंचवटे खाली बसतात, टोकं बोथट होतात. एकदा घासली तर कळतही नाही. इथे चोवीस वर्षांत प्रत्येक शिकाऊ माणसानं आधीच्याची घासलेली प्रत उचलून ती पुन्हा घासली होती. काकांनी एकेक जुनी प्रत उघडली. प्रत्येक प्रत आधीच्या प्रतीपेक्षा गुळगुळीत, न्हाणीघरातल्या साबणासारखी. एका प्रतीवर सर्जनच्याच विद्यार्थीदशेतलं टोपणनाव होतं.

"हे तुम्ही घासलंय, डॉक्टर. सलग नऊ वेळा."

सर्जनचे कान लाल झाले. "आम्हाला वाटायचं, जितकं गुळगुळीत तितके मार्क जास्त."

सर्वांत जुनी प्रत काकांची स्वतःची. तिच्यातही भोकं बुजवलेली, आणि नवशिक्या उत्साहात तीही पुन्हा पुन्हा घासून बोथट केलेली. म्हणजे सुरुवातही त्यांनीच केली होती. मूळ काप कुठे असतील? दहा वर्षांहून जुने काप काढून टाकायचा इस्पितळाचा नियम होता. बाईंची एक सीडी कपाटात सापडली, पण तिच्यावर ठिपके पडले होते आणि यंत्र तिला तोंडातून थुंकायचं.

बुधवारी दुपारी काका बाहेर बाकावर ताईशेजारी जाऊन बसले. जन्मात पहिल्यांदा त्यांना एखादं भोक बुजवता येत नव्हतं. त्यांनी सगळं सांगितलं, स्वतःच्या चुकीसकट.

ताई भडकलीच. "माझं डोकं झिजवलंत तुम्ही! विश्वासानं ठेवलं होतं रे तुझ्याकडे. एवढी माणसं, एवढी यंत्रं, आणि एक हनुवटी सांभाळता येईना? त्यापेक्षा आमच्या ह्यांनी बरी सांभाळली. त्यांच्या टेबलावर अजून उभी आहे, शब्दकोड्यांची कात्रणं खोचलेली."

काका खाली मान घालून ऐकत होते. मान हळूहळू वर आली.

"ताई, त्यात सुया आहेत का अजून?"

"कसल्या सुया?"

"विणायच्या. दोन."

"त्यांच्याशिवाय उभी राहील का ती? का रे?"

गुरुवारी सकाळी ताई कापडी पिशवीत जबडा घेऊन आली. नवऱ्यानं कात्रणं काढताना फार कुरकुर केली म्हणे. सगळ्यांत वरच्या पुठ्ठ्यावर चहाच्या कपाचं वर्तुळ होतं, चौथ्याचा कोपरा कशानं तरी कुरतडला होता. पण कुठेही गोंद नव्हता. काकांनी सुया ओढल्या आणि चोवीस वर्षांनी अठरा काप सुटे झाले.

कागद स्कॅन करायचं साधं यंत्र नोंदणीच्या टेबलावरून मागून आणलं. एकेक पुठ्ठा त्याच्यावर पालथा ठेवायचा, सुयांच्या दोन भोकांवरून जागा जुळवायची, कड आखून घ्यायची. ताई शेजारी खुर्ची ओढून बसली आणि पुठ्ठे हातात द्यायला लागली.

"सहा नंबर, बोला."

"द्या."

"जोडून देते. सात नंबर, बोला. तुमची तीन मिनिटं संपली."

काकांना हसू आवरेना. तो आवाज या इमारतीत कितीतरी वर्षांनी आला होता. बाहेरून जाणारी एक म्हातारी नर्स दारात थबकली, आत डोकावली आणि डोळे मिचकावून पुढे गेली.

नववा पुठ्ठा घेताना काका थांबले. त्याच्या दोन्ही बाजूंना बाहेरच्या कडेवर बारीक खाच होती. नसेची. ही खाच दोनदा चुकून तिसऱ्यांदा कशी जमली ते त्यांच्या बोटांना आठवलं. खाचेजवळ पेन्सिलनं बाईंचं अक्षर होतं, पुसट, उजवीकडे कललेलं: 'आता बरोबर.'

हे त्यांनी कधी वाचलंच नव्हतं. पुठ्ठे ओवून जबडा उभा केल्यावर नववा आत दडला होता, आणि बाई तोंडावर कधी असलं काही बोलल्या नव्हत्या.

"काय झालं रे? लाइन खराब आहे का?"

"नाही. दहा द्या."

दुपारपर्यंत जाळी उभी राहिली. अठरा पायऱ्यांची, जिन्यासारखी. कुरतडलेला कोपरा काकांनी वरच्या-खालच्या पुठ्ठ्यांवरून रफू केला. मग घासायची वेळ आली. आधी हनुवटीचं टोक आणि दोन्ही भोकांच्या कडा त्यांनी जागच्या जागी बांधून टाकल्या, की काही झालं तरी या हलणार नाहीत. मग एकदाच हलकं घासलं आणि जेवढी जाळी आक्रसली तेवढी परत फुगवली. पुन्हा तसंच. पायऱ्या विरल्या, उतार आला.

सर्जन मागे येऊन उभा होता. "अजून थोडं घासू या?"

"हात लावू नका."

आजच्या स्कॅनवर तो जबडा आणून ठेवला. मागच्या दोन्ही टोकांना, जिथे गाठ पोहोचली नव्हती, तिथे तो एका मिलिमीटरच्या आत बसला. सर्जननं माप तीनदा घेतलं. "पुठ्ठा आहे हा?"

"पुठ्ठा, ब्लेड आणि शिक्षा," काका म्हणाले.

पडद्यावर हनुवटी मध्यरेषेच्या डावीकडे सहा मिलिमीटर उभी होती. ताई खुर्चीतून पुढे झुकली. मग बोट लावून काचेवर हलकेच टिचकी मारली. "हा दादाचा झोका." एवढंच बोलली.

सर्जननं शुक्रवारी आराखडा पाठवला तो याच हाडाचा. पट्टीचा एक स्क्रू आधीच्या आराखड्यात नेमका नसेच्या भोकावर येत होता, तोही त्यानं हलवला. हे त्यानं आपण होऊन सांगितलं, काकांनी विचारलं नव्हतं.

ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी ताई तपासणीचा स्कॅन करून तळमजल्यावर आली. चेहऱ्यावर थोडी सूज होती, ओठाच्या एका बाजूला अजून मुंग्या येत होत्या, पण येत होत्या. काकांनी तिला खुर्ची दिली आणि मुद्दाम एक जुना फालतू विनोद सांगितला. ताई हसली. हसू आधी डावीकडे गेलं, जरा अडखळलं आणि मग बाकीचा चेहरा मागून आला.

तिची नवी फाइल काकांनी कुलूप लावून ठेवली होती. कोणीही उघडू शकतो, कोणीही बदलू शकत नाही. शिकायला येणाऱ्यांना वेगळी प्रत मिळते, आणि घासण्याआधी एक पुठ्ठा कापावा लागतो. मुलं कुरकुरतात.

"माझे पुठ्ठे दे आधी," ताई म्हणाली. "ह्यांची कात्रणं घरभर उडतायत."

काकांनी सुयांत ओवलेला जबडा पिशवीत घालून दिला. ताईनं तो परत बाहेर काढला आणि अंगठ्यानं पुठ्ठ्यांच्या कडा मोजल्या. दीडशे नंबर पाठ असलेली बाई ती.

"सतराच आहेत."

काका माउसची वायर सरळ करायला लागले. ती सरळच होती.

"नववा ना?" ताईनं विचारलं. तिनं तो त्या दिवशी हातात दिला होता, वाचलाही असणार.

"हो."

"राहू दे," ती म्हणाली. "ह्यांना काही कळायचं नाही." आणि पिशवी काखेत मारून, त्या मोडक्या खुर्च्यांच्या रांगेतून वाट काढत जिन्याकडे गेली.